फिलिपाइन्सच्या डोंगरातील एक तरुण शिक्षिका

(वार्षिक उपकारस्तुती सभेत केलेले भाषण. थोडा भाग गाळला आहे.)



सचिवांनी मला विषय दिला, ‘फिलिपाइन्सचा अनुभव’, आणि वेळ दिली वीस मिनिटं. तो देश 7,641 बेटांचा आहे. म्हणून मी एकाच बेटावरच्या, एकाच खोऱ्यातल्या, एका शाळेतल्या एका बाईंविषयी बोलणार आहे. तिचं नाव मी घेणार नाही, तसं मी तिला कबूल केलं आहे. गावातली मुलं तिला ‘मॅम’ म्हणतात. आपणही मॅमच म्हणू.

2025 च्या फेब्रुवारीत मी सामाजिक कार्यकर्त्यांच्या एका प्रशिक्षणासाठी बागियोला गेले होते. हे शहर मनिलाच्या उत्तरेला सुमारे 250 किलोमीटरवर, थंड हवेच्या ठिकाणी आहे. शेवटचे बारा दिवस आम्हां प्रत्येकाला एकेका गावात राहायला पाठवलं. माझ्या वाट्याला आलं माउंटन प्रॉव्हिन्समधलं, सगादाच्या बाजूचं एक गाव. बागियोहून जाणारा हॅल्सेमा रस्ता डोंगरांच्या माथ्यामाथ्यानं जातो आणि एका ठिकाणी 2,200 मीटरच्याही वर चढतो. तोरणमाळचा घाट मी झोपेत चढणारी बाई, पण त्या बसमध्ये मला पाठ असलेली सगळी स्तोत्रं म्हणून संपली.

प्रांत लहान आहे. 2020 च्या जनगणनेत तिथली लोकसंख्या सुमारे 1 लाख 58 हजार होती, म्हणजे आपल्याकडच्या एखाद्या तालुक्याएवढी. राहणारे बहुतेक इगोरोत. या शब्दाचा अर्थच ‘डोंगरातले लोक’. स्पेननं त्या देशावर 1565 पासून 1898 पर्यंत राज्य केलं, पण या डोंगरांवर त्यांना कधी नीट पाय रोवता आला नाही. मैदानातले लोक ख्रिस्ती झाले, शहरी झाले, आणि डोंगरातल्यांना रानटी म्हणू लागले. हे ऐकल्यावर मला फार काही समजावून सांगावं लागलं नाही. आपण सातपुड्यात काम करतो.

एक गोष्ट मात्र ऐकून मी सुन्न झाले. 1904 साली अमेरिकेत सेंट लुईस इथे मोठं जागतिक प्रदर्शन भरलं होतं. त्यात या डोंगरातली माणसं नेऊन, झोपड्या बांधून, लोकांना बघण्यासाठी ठेवली होती. आणि त्याच 1904 साली अमेरिकेच्या एपिस्कोपल चर्चचे रेव्ह. जॉन स्टाँटन यांनी सगादाला मिशन सुरू केलं, शाळा काढली, मंदिर बांधायला घेतलं. एकाच देशातून, एकाच वर्षी, हे दोन्ही. मॅम मुलांना या दोन्ही गोष्टी एकाच तासाला शिकवते. तिचं म्हणणं, एक सांगून दुसरी लपवली तर मुलं अर्धवट राहतील.

तिथली एपिस्कोपल मंडळी आणि आपली उत्तर भारतीय मंडळी, दोघींचं अँग्लिकन नातं आहे. रविवारी मला भाषेचा एक शब्द कळत नव्हता, पण कबुली कधी, शांतीची सलामी कधी, सहभागितेला कधी उठायचं, हे सगळं ठाऊक होतं. शेजारच्या आजींनी माझा हात धरून मला पुढे नेलं. परकं वाटलं नाही.

आता मॅमविषयी. वय सत्तावीस. जवळच्याच गावची. सगळं शिक्षण इंग्रजी-टागालोगमधून. कॉलेजच्या वसतिगृहात मैदानातल्या मुली तिला विचारायच्या, तुला शेपूट आहे का गं? इगोरोतांना शेपूट असतं हा तिकडचा जुना विनोद आहे. ती म्हणाली, “मनांग, पहिल्या वर्षी मी रडले, दुसऱ्या वर्षी भांडले, तिसऱ्या वर्षी मी कुठली हे सांगणंच सोडलं.” मनांग म्हणजे आपली ताई. तिकडे वयानं मोठ्या बाईला तसंच हाक मारतात.

शिक्षकांची सरकारी परीक्षा पास झाल्यावर दोन वर्षं तिनं खाली एका खाजगी शाळेत शिकवलं. मग सरकारी नेमणूक मिळाली ती या गावात. तिसरी आणि चौथी एकाच खोलीत, मुलं तेवीस. ती आली तेव्हा तिची समजूत अशी होती की आपण द्यायला आलो आहोत. माझीही धडगावला पहिल्यांदा गेले तेव्हा तीच समजूत होती.

पहिल्याच महिन्यात तिनं गणिताची चाचणी घेतली. मुलं एकमेकांना उत्तरं सांगत होती. लपूनछपून नाही, उघडपणे. ज्याचं झालं तो उठून शेजाऱ्याकडे जायचा. तिनं नऊ मुलांना कॉपीबद्दल भिंतीशी उभं केलं. त्यातल्या एकीला शिक्षा का झाली तेच कळेना. ती घरी जाऊन आईला म्हणाली, “मॅमनी मला उभं केलं, कारण त्याचं राहिलं होतं आणि मी मदत केली.”

काही आठवड्यांनी लावणी सुरू झाली. तिथे थंडीमुळे भाताचं एकच पीक घेतात. डिसेंबर ते फेब्रुवारी लावणी, जून-जुलैत कापणी. दगडी बांधांची खाचरं डोंगरभर पायऱ्यांसारखी चढत जातात. औत चालेल एवढी जागा बऱ्याच ठिकाणी नाही, सगळं हातानं. एका घराला हे काम झेपणारच नाही, म्हणून तिथे उब-उब्बो चालतं. आज पाच-सात जणी तुझ्या खाचरात, उद्या त्याच पाच-सात जणी माझ्या खाचरात. मजुरी नाही. दिवसाला दिवस. इथे बसलेल्या वडीलधाऱ्यांना लगेच शब्द आठवला असेल: सावड. आणि ज्याच्या शेतावर काम त्यानं सगळ्यांना जेवू घालायचं, ते आपल्या इर्जिकीसारखं. शब्द आपल्याकडेही आहेत. कामं ट्रॅक्टरवाल्याकडे गेली.

मॅमच्या आईचं खाचर लावायला बाया आल्या, तेव्हा मॅमला घरात बसवेना. ती चिखलात उतरली. तिला तिच्या रांगेचा वेग जमेना. शेजारच्या बाईनं काही न बोलता स्वतःची रांग लावता लावता हिच्या रांगेतली चार-चार रोपंही लावली. संपूर्ण ओळ एकदम बांधाला पोचली. त्या संध्याकाळी मॅमच्या लक्षात आलं की वर्गात त्या मुलीनं जे केलं ते हेच. कॉपी हा शब्द मॅम कॉलेजातून घेऊन आली होती, मुलं बांधावरून आली होती.

तिनं मग काय केलं? परीक्षा बंद केल्या नाहीत, हे मला आवडलं. सोमवार ते गुरुवार मुलं गटात गणितं सोडवतात, पण गटातल्या कुणालाही फळ्याशी बोलावलं तर त्याला ती समजावून सांगता आली पाहिजे. शुक्रवारी एकेकट्यानं. तिनं मुलांना सांगितलं, शुक्रवारी मला बघायचंय की कुणाच्या रांगेला आणखी हात लागणार आहेत. ज्या मुलीला शिक्षा केली होती तिची तिनं सर्वांसमोर माफी मागितली. मुख्याध्यापकांना ते आवडलं नाही म्हणे.

भाषेचीही तशीच गुंतागुंत. 2013 च्या कायद्यानं तिथे तिसरीपर्यंत मातृभाषेतून शिकवायचं ठरलं. त्यासाठी सरकारनं 19 भाषा धरल्या. मॅमच्या मुलांची भाषा कंकनाय. ती त्या 19 मध्ये नव्हती. त्या भागासाठी यादीतली भाषा होती इलोकानो, जी मुलांना बाजारात कळते पण आजीच्या मांडीवरची नाही. मग ऑक्टोबर 2024 मध्ये नवा कायदा येऊन ती सक्तीच गेली. आपल्या पावरा, मावची मुलांना पहिलीत मराठीचं पुस्तक हातात देतो तेव्हा त्यांची काय गत होते हे मी पाहते, म्हणून मी तिला विचारलं, तू काय करतेस? ती म्हणाली, पुस्तक सरकारचं, पण समजावणं माझं, ते मी आईच्या भाषेत करते.

त्यांच्या शिक्षण खात्याचं 2011 पासून आदिवासी शिक्षणाचं एक धोरण आहे, त्यात गावातल्या जाणत्यांना शाळेत बोलवायला वाव आहे. कागदावर ते सगळीकडे असतं. मॅमनं खरोखर एका सत्तरीच्या आजींना बोलावलं. आजी खुर्चीवर बसल्या नाहीत. त्यांनी कमरेच्या पटक्यातून बियाण्याच्या लोंब्या काढल्या आणि मुलांसमोर मांडल्या. वर्गात शेवटच्या बाकावरचा, वाचता न येणारा मुलगा लोंबी बघून प्रत्येक जातीचं नाव सांगत होता, कुठली उंचावर लावायची, कुठली सणाला, तेही. मॅम म्हणाली, त्या तासाला मी पाठीमागे बसून वहीत लिहून घेत होते.

मी तिथे असताना एक लग्न झालं. लग्नाला गाव बोलवावं लागत नाही, येतंच. डुकरं कापली, पितळी घंटांच्या तालावर लोक गोल फेर धरून नाचले, आणि मग शिजवलेल्या मांसाचे वाटे वाटायला लागले. त्या वाट्याला वातवात म्हणतात. माझ्यापुढे वाटा आला. मी आपली शिकलेली पाहुणी, म्हटलं, “नको, आधी गावातल्या गरिबांना द्या.” वाटणारा माणूस गप्प झाला आणि पुढे गेला. मॅमनं मला नंतर बाजूला घेतलं. “मनांग, तो वाटा भुकेसाठी नसतो. तो मोजणीसाठी असतो. ज्याला वाटा दिला तो आपल्यात धरला. तुम्ही नको म्हणालात, म्हणजे मला तुमच्यात धरू नका म्हणालात.” मी स्वतः जाऊन वाटा मागून घेतला, तेव्हा सगळे हसले. पंधरा वर्षं मी आदिवासी गावांत नेमानं वाटप करते आहे. ब्लँकेटं, वह्या, बियाणं. पण वाटा देणं म्हणजे मोजणं, असं मी कधी मनात आणलं नव्हतं. आपल्या यादीत लाभार्थी असतात.

आणखी एक सांगते. गावात दाप-आय असते. दगडांनी फरसबंद केलेली गोल जागा, बसायला दगड, शेजारी बुटकं झोपडं. म्हातारे तिथे बसून गावाचे निर्णय करतात. पूर्वी मुलगे लहानपणापासून रात्री तिथेच झोपायचे आणि त्यांच्याकडून ऐकून शिकायचे. कामाच्या हंगामात म्हातारे कधीकधी ओबाया जाहीर करतात. म्हणजे उद्या कुणी शेतात जायचं नाही, विश्रांती. श्रीमंताचं खाचर राहिलेलं असो की गरिबाचं, सगळ्यांना सारखंच. मंदिरात नियमानं जाणारी घरंही तो पाळतात. मी डिप्लोमाला असताना शब्बाथावर तीस पानांचा निबंध लिहिला होता. चाकराला आणि बैलालाही विसावा का सांगितला आहे, ते मला त्या दिवशी त्या दगडावर बसून दिसलं.

हे सगळं ऐकून आपल्याला वाटेल, काय छान गाव! मॅमला असं म्हटलेलं आवडत नाही. ती सांगते, इथे तुला ताप आला तर दहा घरांतून पेज येईल, पण तू कुणाच्या मोटारसायकलवर बसलीस तर तेही दहा घरांना कळेल. लग्न का करत नाहीस, हे तिला आठवड्यातून चारदा विचारतात. पाण्याच्या वाटपावरून दोन कुळांचं तिच्या आजोबांपासूनचं भांडण आहे. मयताच्या घरी रात्री जागताना जिन फार वाहते. आणि समारंभाला जनावर कापलंच पाहिजे म्हणून कर्ज काढणारी घरं तिला ठाऊक आहेत. तिथे एक शब्द आहे, इनायान. म्हणजे असं करू नये, करशील तर भोगशील. हा शब्द चोरीला आवरतो, झाड तोडायला आवरतो. पण ती म्हणाली, हाच शब्द लोक प्रश्न विचारणाऱ्या मुलीच्या तोंडावरही ठेवतात.

आता मूळ मुद्द्याला येते. माझ्या मुक्कामाच्या शेवटच्या आठवड्यात तिनं मुलांना निबंध दिला, ‘मी मोठी झाल्यावर’. तिनं रात्री शेकोटीशी बसून ते मला भाषांतर करून वाचून दाखवले. नर्स, कॅनडात. जहाजावर खलाशी. हाँगकाँगमध्ये मावशीकडे. पोलीस, मनिलात. शिक्षिका, अमेरिकेत. तेवीस निबंध. एकही शेतकरी नाही, आणि गावात राहणारं एकही नाही. एका मुलानं शेवटी लिहिलं होतं, मी दर नाताळला घरी येईन आणि आजीला खोका आणीन. परदेशातून माणसं घरी वस्तूंनी भरलेला मोठा खोका पाठवतात, तो तिकडे ठाऊक नाही असं मूल नाही. सुमारे 20 लाख फिलिपिनो परदेशात काम करतात.

मॅम बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, “चौथीत मी असाच निबंध लिहिला होता. माझ्या बाईंनी त्यावर तारा काढला होता. आता मीही तेवीस तारे काढणार. यात चूक काय आहे, मला सांगा मनांग.”

मला सांगता आलं नाही.

शेजारच्या इफुगाओ प्रांतातली भाताची खाचरं 1995 मध्ये युनेस्कोनं जागतिक वारसा ठरवली, आणि 2001 मध्ये धोक्यातल्या वारशांच्या यादीत घातली. 2012 मध्ये त्या यादीतून काढली. धोक्याचं एक मोठं कारण हेच की तरुण पोरं शिकून निघून जातात आणि दगडी बांध ढासळले तर रचायला हात नसतात. त्याच डोंगरांत चिको नदीवर सरकार धरणं बांधणार होतं. गावं पाण्याखाली जाणार होती. लोकांनी नकार दिला. कलिंगातले त्यांचे पुढारी माक्लि-इंग दुलाग यांना 24 एप्रिल 1980 रोजी सैनिकांनी त्यांच्या घरी गोळ्या घातल्या. धरणं रद्द झाली. गावं आहेत तिथे राहिली. आपल्या नंदुरबारच्या नर्मदाकाठच्या गावांना ते भाग्य मिळालं नाही. मॅम दर 24 एप्रिलला हे सारं मनात आणते. तिचे शब्द असे: “धरणानं आमचं गाव बुडालं नाही. मग मी शाळेतून ते रिकामं करते आहे का?”

बंधुभगिनींनो, आपल्या वसतिगृहातल्या मुलामुलींचे फोटो या बातमीपत्रात छापून येतात. पहिला पदवीधर, पहिली नर्स. आपण देवाची उपकारस्तुती करतो, आणि केलीच पाहिजे. त्या मुलांना सावकाराच्या दारातून सोडवायला शाळेवाचून दुसरा रस्ता मला अजून सापडलेला नाही. पण गेल्या दहा वर्षांत आपल्या वसतिगृहातून बारावी होऊन गेलेल्यांपैकी गावात आज कोण आहे, हे मी परत आल्यावर रजिस्टर काढून बसले तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. आपण पाड्यावरून मूल सहाव्या वर्षी आणतो. सावड कशी फेडतात हे शिकण्याचं तेच वय. सुट्टीत ते घरी जातं तेव्हा पाहुणं असतं. हे मी समितीपुढेही मांडलं आहे. पुढच्या वर्षापासून लावणीच्या दिवसांत मुलांना दहा दिवस घरी पाठवावं, असा माझा अर्ज आहे. खर्च वाढेल, शाळेचे दिवस बुडतील, काही पालकही नाराज होतील. त्यावर चर्चा व्हावी.

मॅमचं पुढे काय झालं, हे मला सगळे विचारतात. तिच्याकडे एक कागद होता. अमेरिकेतल्या एका शाळेची नोकरी. त्यांच्याकडे शिक्षक कमी पडतात म्हणून फिलिपाइन्समधून नेतात. पगार इथल्या कितीतरी पट. घरी म्हातारी आई, कॉलेजात दोन भाऊ, त्यांच्या फीचं ओझं. मी निघाले तेव्हा तो कागद बायबलमध्ये ठेवलेला होता आणि तिनं काहीच ठरवलं नव्हतं.

ती दाप-आयमधल्या एका आजोबांकडे गेली. तिला वाटलं होतं ते जाऊ नको म्हणतील, किंवा जा म्हणतील. त्यांनी विचारलं, तुझ्याकडे कुणाकुणाचे दिवस आहेत? म्हणजे उब-उब्बोचे. तिच्या आईच्या खाचरात येऊन गेलेल्या बायांचे जे दिवस तिनं अजून फेडले नव्हते ते. तिनं घरी येऊन वहीत मोजले. अकरा निघाले.

दोन आठवड्यांपूर्वी तिचा निरोप आला. व्हिसा झाला आहे. जुलैअखेर ती जाणार. तीन वर्षांचा करार आहे. सध्या कापणी चालू आहे, शाळा सुटल्यावर आणि शनिवारी ती एकेकीच्या खाचरात जाते. ज्या मुलीला तिनं कॉपीबद्दल उभं केलं होतं तिच्या आईचा दिवस परवा फेडला. मुलगी बांधावर बसून मोजत होती म्हणे, मॅम नीट कापतात की नाही ते.

तिचे अजून चार दिवस राहिले आहेत.